गिटारीच्या माथ्यावरचं नाव

९ फेब्रुवारी १९६४. न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी स्टुडिओत एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदाच अमेरिकेपुढे वाजवायला उभे राहिले. सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला असा अंदाज आहे. पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात व्हायोलिनच्या घाटाचा हॉफ्नर बास होता. जॉन लेननकडे रिकनबॅकर, जॉर्ज हॅरिसनकडे ग्रेच आणि मागे बसलेल्या रिंगो स्टारच्या ड्रमवर ठळक अक्षरांत लडविग. पोरं लिव्हरपूलची, कार्यक्रम अमेरिकेतला. पण चारही वाद्यांवरची नावं मुळात जर्मनभाषक घरांतली आडनावं होती. त्या चार नावांचं इंग्रजी जिभेवर जे झालं ते चार तऱ्हांनी झालं. परक्या नावाचा उच्चार कसा घडतो आणि कसा बिघडतो हे समजून घ्यायला याहून सोयीचा नमुना मला माहीत नाही.

ग्रेचपासून सुरुवात करू, कारण ते नाव सुखरूप पोचलं. जर्मनीतल्या मानहाइम शहरातून आलेल्या फ्रीडरिश ग्रेचने १८८३ साली ब्रुकलिनमध्ये दुकान थाटलं. या नावाच्या शेवटी रोमन लिपीतली टी, एस, सी, एच अशी चार अक्षरं एकामागून एक येतात. मराठी वाचक ती सुटी सुटी वाचतो आणि ‘ग्रेट्श’ किंवा ‘ग्रेट्स्च’ असं काहीतरी तयार करतो. जर्मन लेखनात मात्र ही चारही अक्षरं मिळून एकच च होतो. हा च चहातला, चमच्यातला नव्हे. इंग्रजीत हा आवाज होताच, त्यामुळे अमेरिकेत नाव बदलायची वेळ आली नाही.

लडविगचं उलट झालं. अक्षरं तशीच राहिली आणि आवाज बदलला. जर्मन माणूस या नावाचा आरंभ ‘लूट’ असा करतो आणि शेवटचा ग श-षच्या जवळच्या एका मऊ आवाजात विरघळवतो. विल्यम आणि थिओबाल्ड या लडविग बंधूंनी १९०९ साली शिकागोत ड्रमचा व्यवसाय सुरू केला तेव्हा ते ‘लडविग’ झालेले होते. बीथोव्हेनचं पहिलं नाव याच अक्षरांचं. आपण मराठीत संगीतकाराला ‘लुडविग’ म्हणतो आणि ड्रमला ‘लडविग’. एकाच शब्दाची ही दोन रूपं आपल्याकडे दोन वाटांनी आली आणि दोन्ही टिकली.

रिकनबॅकर कंपनीने तर अक्षरच बदललं. अडॉल्फ रिकनबाखर हा मूळचा स्वित्झर्लंडचा, लहानपणी अमेरिकेत आलेला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी तळणीच्या आकाराची विजेवर वाजणारी गिटार बाजारात आणली. विजेच्या गिटारींच्या इतिहासात तिचं स्थान पहिल्या रांगेत आहे. त्याच्या आडनावातला सी-एच म्हणजे घशातून घासत निघणारा ख. इंग्रजीत तो आवाज नाही, त्यामुळे लोक ‘क’ म्हणू लागले आणि पुढे लेखनही त्या उच्चाराच्या मागे गेलं. पहिल्या महायुद्धात गाजलेला अमेरिकी वैमानिक एडी रिकनबॅकर हा त्याचा दूरचा नातलग. त्यानेही युद्धाच्या काळात आडनावाचं लेखन असंच बदलून घेतलं होतं, कारण तेव्हा अमेरिकेत जर्मन दिसणारं नाव मिरवणं सोपं नव्हतं. आज कंपनीचा उच्चार ‘रिकनबॅकर’ आहे, इंग्रजी ‘बॅक’सारखा. काही जण जाणकारी म्हणून ‘रिकनबाकर’ म्हणतात. तो उच्चार स्विस नाही आणि अमेरिकीही नाही. तो सोडून द्यावा असं मला स्पष्ट वाटतं.

राहिला हॉफ्नर. कार्ल हॉफ्नरने १८८७ साली शोनबाख या गावी व्यवसाय सुरू केला. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव लुबी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मनभाषक कारागिरांना घरदार सोडावं लागलं आणि कारखाना बव्हेरियातल्या बुबेनरॉइटला गेला. या नावातल्या ओवर दोन टिंबं आहेत. ओठ ‘ओ’साठी गोल करा, तसेच ठेवा आणि तोंडाच्या आत ‘ए’ म्हणा. जो आवाज निघेल तो जर्मन. आरशासमोर दोन-चार वेळा केलं की जमतं. मराठीत हा स्वर नाही, इंग्रजीतही नाही. इंग्लंडात टिंबं गळाली आणि ‘हॉफ्नर’ उरलं. आपल्याकडे ते इंग्लंडातूनच आलं, म्हणून आपणही हॉफ्नर म्हणतो. थेट जर्मनीतून आलं असतं तर कदाचित ‘हेफ्नर’ लिहिलं असतं आणि ते मूळ उच्चाराच्या अधिक जवळ गेलं असतं.

नाव ज्या वाटेने आलं ती वाट उच्चारात ऐकू येते, ही या प्रकरणातली मुख्य गोष्ट. आपल्याकडे तर मुळात ‘गिटार’ या शब्दातच ती ऐकू येते. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत हा शब्द ‘गितार्रा’च्या जवळचा, दंत्य त असलेला. पोर्तुगिजांकडून थेट आलेले मेस्त्री, पाद्री, फीत, बादली हे शब्द आपण त आणि द ठेवून घेतले (बटाट्यासारखा अपवाद आहेच). गिटारीत मात्र ट आहे. इंग्रजांचे टी आणि डी मराठी कानाला ट आणि ड वाटतात. तोच ट सांगतो की हा शब्द आपण इंग्रजांकडून उचलला.

आता इबानेझकडे येऊ. गिटारी वाजवणाऱ्यांत उच्चारावरून सर्वांत जास्त वाद याच नावावरून होतात आणि त्याला कारणही तसंच आहे. जपानमधल्या नागोया शहरात १९०८ साली होशिनो कुटुंबाचं पुस्तकांचं दुकान होतं. तिथून स्वरलिप्या आणि मग वाद्यं विकायला सुरुवात झाली. १९२९ पासून ते स्पेनमधल्या वालेन्सियाच्या साल्वादोर इबान्येथ या कारागिराच्या नावाच्या गिटारी मागवू लागले. पुढे १९३०च्या दशकात होशिनोंनी स्वतः गिटारी बनवायला घेतल्या आणि त्यांवर तेच परिचयाचं नाव घातलं. अशा रीतीने एका स्पॅनिश माणसाचं आडनाव जपानी कारखान्याचं झालं.

स्पॅनिशमध्ये हे आडनाव दोन चिन्हांनिशी लिहितात. अ या स्वरावर एक तिरकी रेघ असते. जोर ‘बा’वर द्यायचा, हे ती सांगते. एनवर एक नागमोडी रेघ असते. तिच्यामुळे न चा ‘न्य’ होतो. आपल्या ञ या अक्षराचा मूळ आवाज साधारण तोच. शेवटचा झेड स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांना टेकवून काढलेल्या थ-सारखा असतो, तर मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे तो साधा स. म्हणजे वालेन्सियात ‘इबान्येथ’ आणि मेक्सिकोत ‘इबान्येस’. गिटारीच्या माथ्यावर मात्र दोन्ही चिन्हं नाहीत. चिन्हं गेली तशी ‘न्य’ गेला आणि जोर कुठे द्यायचा याची खूणही गेली. उरलेली सहा अक्षरं ज्याने त्याने आपल्या सवयीप्रमाणे वाचली. अमेरिकेत कुणी ‘आयबॅनेझ’ म्हणू लागलं, कुणी ‘इबानेझ’.

मला सर्वांत नवल वाटतं ते जपानचं. जपानी लिपीत परकी नावं उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यामुळे तिथे संदिग्धता राहत नाही. त्या लिपीत हे नाव ‘आइबानीझु’ असं आहे. सुरुवातीचा ‘आइ’ इंग्रजी वाचनातला. स्पॅनिशशी त्याचं काही नातं नाही. स्पेनचं नाव, जपानचा कारखाना, आणि खुद्द जपानी लोकांच्या तोंडी त्याचा इंग्रजी अवतार! मग बरोबर काय? पुण्या-मुंबईच्या दुकानात ‘इबानेझ’ म्हणावं, सगळ्यांना कळतं. तिथे कुणी ‘इबान्येथ’ मागितली तर विक्रेता गोंधळेल आणि ती गिटार बनवणारी कंपनीही स्वतःला तशी हाक मारत नाही. पण वालेन्सियाच्या त्या कारागिराबद्दल बोलताना त्याला साल्वादोर इबान्येथच म्हणायला हवं. माणसाचं नाव आणि छापाचं नाव एकाच अक्षरांनी लिहिलं तरी त्यांचे मालक वेगळे असतात.

जपानचंच दुसरं नाव ताकामिने. गिफू प्रांतातल्या साकाशिता या गावी १९५९ साली ही कार्यशाळा सुरू झाली आणि जवळच्या ताकामिने डोंगराचं नाव तिने घेतलं. चार अक्षरं, चारही ऱ्हस्व, कुठेही विशेष जोर नाही: ता-का-मि-ने. देवनागरीत हे जितकं नीट लिहिता येतं तितकं रोमनमध्ये येत नाही. तरी आपल्याकडे दुकानांत ऐकू येतं ते ‘टाकामाइन’ किंवा ‘टॅकामीन’. याचा दोष शेवटच्या ई या अक्षराकडे जातो. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी आलेला ई बहुधा गप्प असतो आणि आपल्या आधीच्या स्वराला लांबवून किंवा बदलून जातो. इंग्रजी वाचणारा डोळा ‘ताकामिने’मधला तो ई पाहतो आणि न बोलताच पुढे सरकतो.

हे दुःख मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या प्रत्येक सान्यांचा ‘सेन’ झालेला आहे, काळ्यांचा ‘केल’ झालेला आहे, गोऱ्यांचा ‘गोर’. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांचं आडनाव आणि आपलं गोरे हे आडनाव रोमन लिपीत अक्षर न अक्षर सारखं आहे. गोखल्यांना दवाखान्यात, विमानतळावर, मुलांच्या शाळेत ‘गोखेल’ अशी हाक येते आणि ते मुकाट उठून उभे राहतात. शेवटचा ए जिवंत आहे हे सांगत राहणं ही तिकडच्या मराठी घरांची रोजची कामगिरी आहे. जपानी माणसाचीही तीच. ‘साके’चं इंग्रजीत ‘साकी’ होतं, ‘काराओके’चं ‘कॅरिओकी’. आपण कराओके हा शब्द चांगला ठेवला. शेवटचा ए शाबूत आहे. मग ताकामिनेला तो का नाकारायचा? ज्यांच्या स्वतःच्या आडनावातला ए जगभर गिळला जातो, त्यांनी तरी दुसऱ्याचा गिळू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय आपल्याला त्यासाठी काहीच शिकायचं नाही. त आहे, ऱ्हस्व इ आहे, ने आहे.

फ्रेंच नावांचं थोडं अवघड असतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात रोबेर गोदँ यांच्या नावाने बनणाऱ्या गिटारी भारतातही दिसतात. आपल्याकडे त्यांना ‘गोडिन’ म्हणतात. मूळ उच्चारात शेवटी न नाहीच. अ आणि ए यांच्या मधला एक स्वर नाकातून सोडायचा आणि थांबायचं. प्रमाण मराठीने असे नाकातले स्वर केव्हाच सोडले आणि १९६२ च्या लेखननियमांनी त्यांच्या खुणा असलेले अनुस्वारही काढून टाकले. कोकणीत मात्र ते नांदते आहेत. ‘हांव’ म्हणणाऱ्या गोंयकाराला गोदँ म्हणायला एक क्षणही लागणार नाही. जाता जाता स्पॅनिश ‘अलाम्ब्रा’ गिटारींचंही सांगून टाकतो: लिहिताना त्यात एच असतो, पण स्पॅनिशमध्ये एच कधीच बोलत नाहीत. ‘अल्हम्ब्रा’ हा इंग्रजी उच्चार.

काही नावांच्या बाबतीत मात्र भाषेचे नियम बाजूला ठेवावे लागतात, कारण त्या नावाचं कुटुंब समोर उभं असतं आणि ते स्वतःला काय म्हणतं ते आपल्याला माहीत असतं. कॅलिफोर्नियातले गिटार-कारागीर जॉन सर यांच्या आडनावाचं रोमन लेखन एस, यू, एच, आर असं आहे. मराठी डोळा त्यात ‘सुहर’ वाचतो, कुणी ‘सूर’ वाचतो, आणि गिटारीवर सूर हे नाव किती शोभलं असतं! जर्मन पद्धतीने ते ‘झूर’ होईल. पण ते स्वतः ‘सर’ म्हणतात. तिथे विषय संपतो. मार्टिन घराण्याचंही तसंच. ख्रिस्टियन फ्रीडरिश मार्टिन सॅक्सनीतल्या मार्कनॉइकिर्शनहून १८३३ साली न्यूयॉर्कला आले आणि काही वर्षांत पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झाले. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या घरात इंग्रजी उच्चारच चालत आला असताना आज कुणी त्यांना ‘मार्टीन’ असं जर्मन हेल काढून म्हणावं यात काही अर्थ नाही.

तारांच्या पाकिटावरचं डॅडेरिओ हे नाव मात्र दोन देशांत दोन तऱ्हांनी जगतं. हे कुटुंब मूळचं इटलीतल्या आब्रुत्सो भागातल्या साल्ले या गावचं. आतड्याच्या तारा वळणं हा तिथला जुना धंदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कला आले. इटालियन उच्चार ‘दाद्दारिओ’, त्यात आपल्या ‘हद्द’, ‘गद्दा’ यांच्यासारखा जोडाक्षरी दंत्य द. अमेरिकेत जन्मलेल्या पिढ्या ‘डॅडेरिओ’ म्हणतात. आपल्याकडे मात्र ‘डी’ हे अक्षर आणि त्यामागची स्वल्पविरामासारखी खूण वेगळी काढून ‘डी अडारिओ’ असा तिसरा उच्चार तयार झाला आहे. ती खूण फक्त गळालेल्या स्वराची आहे. तिथे थांबायचं नसतं.

एपिफोनचा घोळ त्या मानाने लहान. अनास्तासिओस स्ताथोपुलो हे ग्रीक कारागीर, तेव्हाच्या स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मिरमधून न्यूयॉर्कला आले. त्यांच्या मुलाचं नाव एपामिनोंदास, घरी हाक ‘एपी’. वडिलांच्या पश्चात त्याने आपल्या हाकेच्या नावाला आवाज या अर्थाचा ग्रीक ‘फोन’ जोडला आणि १९२८ साली कंपनीचं नावच एपिफोन केलं. ‘इपिफोन’ म्हटलं तर त्या एपीचंच नाव चुकतं.

आणखी एक जात आहे: मुद्दाम परकी वाटावीत म्हणून घेतलेली नावं. जपानच्या शिरो अराई यांनी आपल्याच आडनावाच्या रोमन अक्षरांची अदलाबदल करून ‘आरिया’ केलं आणि नाव इटालियन दिसू लागलं. तोक्योत १९६९ साली सुरू झालेल्या, प्रथम फ्लामेंको गिटारी बनवणाऱ्या एका कंपनीने ‘फर्नांडिस’ हे नाव घेतलं. २०२४ मध्ये ती बंद झाली. गोव्यात आणि वसईत ज्या आडनावाची माणसं गल्लोगल्ली भेटतात ते नाव जपानी गिटारीवर पाहून आपल्याकडच्या कुणालाही ती इथल्याच एखाद्या मेस्त्रीने केली असावी असं वाटलं असतं. जपानी उच्चार ‘फेरुनान्देसु’, द दंत्य. लिस्बनमध्ये शेवटच्या स चा श होतो. आपण ड म्हणतो, म्हणजे इथेही इंग्रजी वाचन मध्ये आलंच. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासूनची परंपरा सांगणारं फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान आहे. त्याचं मूळ आडनाव पोर्तुगालमध्ये ‘फुर्तादु’च्या जवळपास बोलतात, कारण तिथे शब्दाच्या शेवटचा ओ मिटून उ होतो. मुंबईतल्या गिटार शिकणाऱ्या पोरांसाठी ते फुर्टाडोज आहे आणि त्यांना दुरुस्त करायची काहीही गरज नाही. दीडशे वर्षं या शहरात राहिलेलं नाव या शहराचं झालेलं असतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्याला या सगळ्यातून सुटका असते. तो मूळ अक्षरं उतरवतो आणि उच्चार वाचकावर सोपवतो. देवनागरीत लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी निर्णय घ्यावाच लागतो, कारण आपल्या लिपीत अक्षर लिहिलं की उच्चार जवळजवळ ठरला. म्हणून मराठीत गिटारीवर लिहिणाऱ्याने, शिकवणीच्या पुस्तकात असो की वर्तमानपत्रात, हे निर्णय विचार करून घ्यायला हवेत. मी ताकामिने लिहितो, ग्रेच लिहितो, कंपनीसाठी इबानेझ आणि कारागिरासाठी इबान्येथ लिहितो, रिकनबॅकरमध्ये बॅ ठेवतो. आणि जिथे कुटुंब काय म्हणतं ते कळतं तिथे व्याकरणाला विचारायला जात नाही.

आयात वाद्यं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती त्या काळात महाराष्ट्रातल्या असंख्य पोरांच्या हाती पहिली गिटार आली ती कलकत्त्याची. तिथल्या कारखान्यांच्या छापांची नावं होती गिवसन, हॉबनर, गिबटोन. गिवसन ऐकताना गिब्सन आठवते, हॉबनर ऐकताना जर्मनीची होनर. पण या नावांमागे कुठल्याही परदेशातलं घराणं नाही, त्यांचा मूळ उच्चार विचारायला कुठे जायचं नाही. सोलापुरात, नांदेडात, सावंतवाडीत ज्या मुलांनी ती अक्षरं पहिल्यांदा वाचली आणि दुकानदाराला बोलून दाखवली, त्यांनी जे म्हटलं तोच त्यांचा उच्चार.